अवंतिकाच्या नळ्या

कोल्हापूर,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. उन्मेष,

आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत, अण्णांची शुगर आटोक्यात आहे. फोन केला नाही, कारण फोनवर मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो. शिवाय रिटायर झाल्यापासून अण्णा दिवसभर सोप्यात बसलेले असतात. कागद पाठकोरे आहेत, मागच्या बाजूचा मजकूर वाचत बसू नकोस.

मुद्दा अवंतीचा आहे. तिनं मला समजावलं तसं सांगते, चुकलं तर हसू नकोस. ती काकणासारखे गोल रेणू बनवते. ते द्रावणात सोडून बाटली न हलवता ठेवली, की काकणावर काकण बसत जातं आणि त्याची पोकळ नळी होते. कासाराच्या दुकानात काकणं दांडीवर घातलेली असतात. हिच्या काकणांना आत दांडी नाही, मध्ये कसला आधार नाही, ती आपली आपण एकावर एक उभी राहतात. हेच तिच्या पेपरात छापून आलंय. मागच्या वर्षी ह्याच सुमारास नळ्या झाल्या, फोटो निघाला, तिच्या गाइडनी, विजयसिंह सरांनी, विभागात पेढे वाटले.

त्यानंतर वर्षभर एकदाही झाल्या नाहीत. तीच बाटली, तेच माप, तीच मुलगी. परदेशातल्या कुठल्याशा लॅबनं तिच्या पद्धतीनं करून बघितलं, त्यांनाही एक नळी मिळाली नाही. त्यांनी मासिकाला कळवलं. आता विभागात कुजबुज आहे की फोटो दुसऱ्याच कशाचातरी लावला. मुलं डबा खायला तिच्याजवळ बसत नाहीत. २० मार्चला कमिटी बसणार. तोवर नळ्या दाखवल्या नाहीत तर पीएचडी जाईल ते जाईलच, वर खोटं काम केलं असा शेरा बसेल. मग तिला कोण कुठं उभं करील?

तिच्या बाटलीत अजूनही नळ्या असतील, बारीक असतील, इथल्या मशीनला दिसत नसतील, असं मला आपलं वाटतं. तुझ्याकडे तो मोठा मायक्रोस्कोप आहे. बाकी ठिकाणी नंबर लागायला चार-चार महिने. तू बघ. आणि स्पष्टच लिहिते, फार काही दिसलं नाही तरी संस्थेच्या कागदावर 'नळ्या आहेत' एवढं लिहून दिलंस तर तिचं निभेल. सख्खी बहीण आहे तुझी.

उत्तर घरी पाठवू नकोस. शेजारच्या झुंबरबाईंच्या पत्त्यावर पाठव. अण्णांना हे ठाऊक नाही. तू गेल्यापासून घरात तुझं नाव कुणी काढायचं नाही असा त्यांचा नियम आहे, तो चार वर्षं आम्ही पाळतोय.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी माई


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. उन्मेष,

तुझं पत्र मिळालं. झुंबरबाईंनी ते पदराखाली झाकून आणून दिलं. एवढं गुप्त काम त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल.

तू लिहितोस की न बघता काही लिहून देणार नाही. बरं. नमुना अवंतीनं स्वतः पाठवावा, तिच्या सहीनं यावा, असं म्हणतोस. तो नियम असेल तुमचा. पण तू बहिणीला विसरलास का? तू लग्न करून गेलास तेव्हा तिची एमएस्सीची परीक्षा चालू होती. अण्णांना नाही सांगितलंस ते समजलं, पण तिलाही एक शब्द सांगितला नाहीस. नंतर घरात जे काही झालं ते तिनं एकटीनं सोसलं. परवा मी भाकरी थापता थापता नुसतं म्हटलं, "दादाला विचारून बघायचं का?" तर म्हणाली, "माई, मी जयसिंगपुरात क्लास काढीन, पण त्याच्या दारात जाणार नाही."

म्हणून मी तिला न विचारता पाठवलंय. काल कुरिअर केलं. त्याचे पैसे हिशेबात 'देवाचे' म्हणून घातलेत.

कसं घेतलं तेही सांगते, म्हणजे तुला शंका नको. लॅबची फरशी उकरायचं काम चाललंय, सगळी इमारत थरथरते. तिच्या बाटल्यांना निवांत जागा लागते, म्हणून तिनं तीन बाटल्या घरी आणून मधल्या खोलीतल्या फडताळात ठेवल्यात. आम्हाला ताकीद आहे, फडताळाचं दारसुद्धा आपटायचं नाही. रविवारी ज्योतिबाचा पहिला खेटा होता. मी पहाटे अनवाणी निघाले, कुशिऱ्यावरून गायमुखाकडून वर चढले, दर्शन घेऊन दुपारी घरी. पाचही रविवार अवंतीसाठी बोललेत. घरात कुणी नव्हतं. अण्णा मंडईत, ती लॅबला. मधल्या बाटलीतलं थोडंसं होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. ती बाटली आधीच उकळून उन्हात वाळवून ठेवली होती. हात धुतलेले होते. स्वच्छतेत काही कमी केलं नाही.

तिच्या बाटलीत जरा कमी झालंय, पण इतकं नाही की डोळ्यात भरावं. बघ आणि लगेच कळव. ती लॅबमधून येते तेव्हा चप्पल काढायच्या आधी फडताळाकडे बघते. मला ते बघवत नाही.

तुझी माई


सोमवार, २४ फेब्रुवारी

चि. उन्मेष,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. नळ्या भरपूर आहेत, लांबच्या लांब आहेत, हे पहिलं वाक्य वाचून मी देवापुढं दिवा लावायला उठले होते. उभ्यानंच पुढचं वाचलं.

द्रावण गुलाबी आहे म्हणतोस. त्यात कुठलातरी रंग घातलाय, आणि पेपरात रंगाचं नाव नाही. म्हणजे ती लपवून आधार देते आणि आपोआप झाल्या म्हणून छापते. हे विजयसिंह सरांना कळवणं तुझं काम आहे, असंही लिहितोस.

कळवू नकोस. ती काहीही लपवत नाही. रंग माझ्या हातचा आहे.

हात धुतले होते हे खरं. पण खेट्याहून आलेले हात धुवून किती धुतले जातात, तुला ठाऊक आहे. डोंगरावर गुलालाचा नुसता धुरळा असतो. अंगावरचं पातळ गुलाबी, केसांत गुलाबी, नखांत तर पुढचे तीन दिवस राहतो. आणि एक गोष्ट मी लिहिली नव्हती. बाटली भरून झाल्यावर ज्योतिबानाथांचा गुलाल चिमूटभर बुचाला लावला. कामाला निघालेल्या वस्तूला लावतोच की आपण. तुझ्या सायकलीला लावला होता, दहावीच्या हॉलतिकिटाला लावला होता. मी वरच्या बाजूलाच लावला. पण बूच हातातून निसटून पुडीतच उलटं पडलं. मी ते झटकलं, पदरानं पुसलं आणि बसवलं. आत काही गेलं असेल असं मनात आलं होतं. पण देवाचंच आहे, त्यानं काय बिघडणार, म्हणून गप्प बसले.

झालं ते एवढंच. सरांना लिहिलं असशील तर दुसरं पत्र टाकून मागं घे. नसेल लिहिलं तर हात आवर. तिच्यावर बाहेरचे लोक बोलतायत ते एक वेळ ती सहन करील. तुझ्या सहीचा कागद गेला तर तिची बाजू कोण ऐकणार आहे? सख्ख्या भावानंच लिहिलंय म्हणतील.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. कसं सांगू तेही कळत नाही.

माई


शनिवार, १ मार्च

चि. उन्मेष,

आता पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलंस तरी चालेल.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई फाटकातूनच ओरडल्या, "वैनी, उन्मेषचं पाकीट आलंया बंगळूरचं. येताय न्यायला का मी येऊ?" अण्णा सोप्यात पेपर वाचत होते. अवंती पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होती. मी आतून धावत आले तोवर अण्णांनी पेपर खाली घेतला होता.

"कुणाचं पाकीट?"

"तुमच्याच पोराचं की अण्णा. दुसऱ्या कुणाचं असतंय?" आणि मग माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही मंडईला गेलाय." पाकीट कठड्यावर ठेवून बाई पळाल्या.

अण्णांनी मला विचारलं, "कधीपासून?"

"दहा तारखेपासून."

त्यांनी पेपराची नीट घडी केली, चष्मा काढला आणि आत गेले. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. तो केला असता तर बरं झालं असतं.

अवंती तशीच बसून होती, एका पायात सँडल.

"काय लिहितीस त्याला?"

मग मी सगळं सांगितलं. मधल्या बाटलीतलं काढलं तेही.

"माझ्या बाटलीतलं?"

"थोडंच गं."

"आणि काय म्हणाला तो?"

"नळ्या आहेत म्हणतो. भरपूर. पण रंग..."

"कसला रंग?"

"गुलाल लागला माझ्या हातचा. त्याला वाटलं तूच घातलास. मी त्याला लिहिलंय, माझी चूक म्हणून."

ती हसली. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं. म्हणाली, "वा माई. मला खोटारडी म्हणणारं घरातलंच एक माणूस बाकी होतं, तेही तू मिळवून दिलंस. तुला त्याच्याशी बोलायचं होतं तर सरळ बोलायचंस. माझी बाटली कशाला मध्ये लागली?"

"अण्णांच्यामुळं गं..."

"अण्णा एकटेच नव्हते त्या दिवशी दारात, माई. निशावहिनी उंबऱ्याबाहेर उभी होती तेव्हा तू कुठं होतीस, ते पण मला आठवतंय."

ते राहू दे. सरांना तू अजून काही लिहिलं नाहीस, हे तुझ्या पत्रात वाचलं, बरं झालं.

लॅबला ती गेली नाही. मधल्या खोलीत दार लावून बसली. दुपारी स्वयंपाकघरात आली आणि तुझी पत्रं मागितली. दिली. ओट्याला टेकून तिनं ते नळ्यांचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "पुडी कुठाय?" गुलाल काढून दिला. तिनं तो ओल्या टिपकागदावर टाकून बघितला, कडेनं रंग कसा पसरतो ते बघितलं, आणि मला विचारलं, "मागच्या वर्षी पहिला खेटा कुठल्या रविवारी होता?"

मी सांगितलं. वर म्हटलं, तूही आली होतीस माझ्याबरोबर, तुझी पांढरी ओढणी वाया गेली, त्यावरून आपलं भांडण झालं होतं.

"आणि सोमवारी मी बाटल्या भरल्या," ती म्हणाली. "फोटोतल्या."

मला वाटलं, सापडलं एकदाचं, आता हिचा चेहरा उजळेल. तो आणखीच उतरला. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "माई, मी छापलंय की आत कशाचा आधार लागत नाही."

उद्या ती मिरजेहून गाडीनं तुझ्याकडे येतेय. बरोबर दोन स्वच्छ बाटल्या आहेत, टोपणाला गुलाल नाही, कुंकू नाही, मी हातही लावलेला नाही. गुलालाची पुडी वेगळ्या पिशवीत आहे. अण्णांना तिनं समोर उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "जायचं तर जा. पण त्या घरातलं काही मला येऊन सांगायचं नाही."

तिला स्टेशनवर घ्यायला जा. ती तुझ्याशी धड बोलणार नाही, तू मनावर घेऊ नकोस. बाटल्या ती मांडीवरून खाली ठेवणार नाही, बॅग तेवढी तू घे. भाताबरोबर तिला ताक लागतं.

माई


सोमवार, १० मार्च

चि. उन्मेष,

तुझं पत्र आलं आणि कालच तिचा फोनही झाला, त्यामुळं दोन्हीकडून कळलं. स्वच्छ बाटल्यांत काही नाही. एकीत चिमूटभर गुलाल टाकला तर दुसऱ्या दिवशी ती नळ्यांनी भरली. मग गुलालातला रंग वेगळा काढून तेवढाच घातला, तरी भरली. दोन काकणांच्या मध्ये त्या रंगाचा चपटा कण जाऊन बसतो आणि मग वरचं काकण टिकतं. कण नसला तर काकणं नुसती पाण्यात हिंडत राहतात. बरोबर ना? तिनं तीनदा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणजे फोटो खरा होता, आणि पेपरात लिहिलेलं चूक होतं. तिला न कळता रंग पडला होता, हातावरून नाहीतर ओढणीवरून. आता ती म्हणते पेपर मागं घेणार आणि कमिटीला सगळं सांगणार. तू विचारतोस, तिला आवरू का? थोडं थांब म्हणू का?

त्याआधी शनिवारी काय झालं ते वाच. विजयसिंह सर स्वतः घरी आले होते. तिनं तिकडून त्यांना कळवलं होतं ना. बिनसाखरेचा चहा घेतला, देवघर बघून चांगलं आहे म्हणाले. मग अण्णांना म्हणाले, "मुलीला जरा समजवा. तुमचं ऐकेल. कमिटीसमोर नवे फोटो ठेवायचे आणि गप्प बसायचं. फोटो खरे आहेत, नळ्या खऱ्या आहेत. गुलालाचं नंतर सवडीनं बघू."

अण्णा म्हणाले, "तिनं सांगितलं तर?"

"तर जग हसेल आपल्याला. कोल्हापूरकरांनी रसायनशास्त्रात गुलाल उधळला म्हणतील. त्या पेपरवर माझं नाव आहे, अण्णासाहेब. मी तिच्या प्रबंधावर सही करणार नाही."

"म्हणजे रंग घालायचा आणि घातला नाही असं दाखवायचं."

"न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

अण्णा उठले. सरांना फाटकापर्यंत पोचवून आले आणि मला म्हणाले, "कप उचला." एवढंच.

मी कप धुता धुता विचार करत होते. सर जे बोलले तेच मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. नुसतं आहे म्हणून लिहून दे, निभेल. महिनाभर मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. पण तेच बोलणं परक्या माणसाच्या तोंडून आपल्या सोप्यात बसून ऐकलं, आणि मला ते नकोसं झालं. ती गप्प बसली तर पास होईल. पण पुढच्या वर्षी कुणी विचारलं, नळ्या कशा केल्या, तर तिनं काय सांगायचं? आज तिच्यावर खोटा आळ आहे. मग तो खरा होईल.

झुंबरबाई म्हणतात, "नाथानंच केलं बघा. गुलालात नाथ असतोय." मी अवंतीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "गल्लीत हे बोलू नकोस माई, पाया पडते. तो कारखान्यातला रंग आहे, पोत्यावर नाव असतं त्याचं." मी म्हटलं, बरं बाई. माझ्या मनात काय आहे ते माझ्याजवळ. खेटे मी पाचही पूर्ण करणार, फक्त आल्यावर दोन दिवस फडताळाच्या खोलीत जाणार नाही.

तर तिला आवरू नकोस. सरांनी सही नाही केली तर नाही. तुझ्याकडून एकच पाहिजे. जे बघितलंस ते तारखांसकट लिहून दे, आणि तू आधी तिच्यावरच संशय घेतला होतास तेही लिही. वाईट दिसेल तुला, तरी लिही.

ती सांगत होती की निशा तिच्याबरोबर लॅबच्या दारात बसून राहिली आणि घरी गेल्यावर तिनं ताकाला मिरची-कोथिंबिरीची फोडणी दिली. निशाला माझा आशीर्वाद सांग.

माई


शुक्रवार, २१ मार्च

चि. उन्मेष आणि सौ. निशा,

दोघांना आशीर्वाद.

अवंतीनं काल तुम्हाला फोनवर थोडक्यात सांगितलंच. पण तो फोन अर्धवट राहिला, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही रिक्षानं गेलो. अण्णा सकाळी म्हणाले, त्यांना त्याच बाजूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. तिथं उतरल्यावर डॉक्टरचं नाव काढलं नाही, झाडाखालच्या स्कूटरींजवळ उभे राहिले. मी विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसले. सर आत जाताना माझ्याकडे न बघता गेले.

दार लोटलेलं होतं, पण आतलं बरंचसं ऐकू येत होतं. तिनं आधी फोटो दाखवले असावेत, कुणीतरी "उत्तम" म्हणालं. मग तिचा आवाज आला, "ह्या नळ्या माझ्या पेपरात लिहिल्याप्रमाणे झालेल्या नाहीत. तो पेपर चूक आहे." आणि मग गुलालाचं सांगितलं. खेटा, ओढणी, बूच, माझं नावसुद्धा. कुणीतरी हसलं. ती थांबली, हसणं संपू दिलं आणि पुढं बोलली. मी पदर तोंडाला लावून बसले होते.

बाहेरून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं, आणि आता उघडं पडायची वेळ आली म्हणून सांगत नाही आहात, हे आम्ही कशावरून धरायचं?"

ती म्हणाली, "ह्या रंगावरून माझ्यावर पहिला संशय ज्यानं घेतला त्यानंच तपासणी केली आहे. तो माझा भाऊ आहे, आणि आमचं बोलणं नव्हतं. त्यानं दोन्ही लिहून दिलंय."

तुझा कागद त्या बाईंनी मोठ्यानं वाचायला लावला. तू जिथं लिहिलंयस, 'माझ्या मते हिने फसवणूक केली होती, हे माझे मत चुकीचे ठरले,' तिथं वाचणारा जरा अडखळला. उन्मेष, एवढं स्पष्ट लिहायला मी सांगितलं होतं खरं, पण ऐकताना मला तुझीच दया आली.

निकाल असा. पेपर मागं घ्यायचा. जुनं काम प्रबंधात धरायचं नाही. नाव माहीत असलेला रंग मापून घेऊन सगळं नव्यानं करायचं, त्याला एक वर्ष. फेलोशिप ह्या महिन्याअखेर बंद, ते वर्ष घरच्या खर्चानं. सरांनी तिला सोडलं. दुसरे गाइड बघावे लागतील, त्या बाहेरच्या बाई म्हणाल्या मला पत्र टाका. आणि खोटेपणाचा शेरा नाही. तसं लेखी देणार आहेत.

ती बाहेर आली तेव्हा पांढरीफटक होती. मी म्हटलं, "वर्ष गेलं का गं?" म्हणाली, "वर्ष गेलं माई. बाकी काही गेलं नाही." मग एकदम तिला भूक लागली. माझ्या पिशवीतली दशमी तिनं तिथंच उभ्यानं खाल्ली, आणि हात न पुसताच तुला फोन लावला.

आम्ही चालत झाडापाशी आलो. ती तुला सांगत होती, तू मध्ये मध्ये विचारत होतास, मागून निशा काहीतरी बोलत होती आणि अवंती हसत होती. अण्णा समोर उभे. त्यांनी तिच्याकडे बघून भुवया वर केल्या, म्हणजे काय झालं? तिनं त्यांना सांगितलं नाही. तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

तिच्या फोनचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होतं. तू चार वेळा हॅलो म्हणालास. 'ऐकू येतंय का' म्हणालास. मग निशाला म्हणालास की रेंज गेली वाटतं, आणि तरी जरा वेळ थांबून मग फोन ठेवलास. संध्याकाळी तू परत लावलास तेव्हा अवंती झोपली होती, म्हणून तुला हे कुणी सांगितलं नाही.

रेंज गेली नव्हती. फोन अण्णांच्या कानाला होता. तू ठेवल्यावरही त्यांनी तो काढला नाही. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा काढला.

तुमची माई